कोऱ्या भिंती, भाड्याचं घर आणि निघणारे स्टिकर

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदिरानगरमध्ये भाड्याचा टू बीएचके घेतलाय, ११ महिन्यांचा करार आहे, फ्लॅटला नुकताच रंग दिलाय. भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत, असं घरमालकांनी पहिल्याच दिवशी बजावलंय. हॉलमधली सोफ्यामागची १२ फुटी भिंत आणि सहा वर्षांच्या मुलीची खोली ओकीबोकी वाटते. निघणारे वॉल स्टिकर लावावेत का, घर सोडताना रंग निघून डिपॉझिट कापलं जाईल का, आणि घ्यायचे तर कोणते?

ताई, लावा. नाशकात घरांच्या, बालवाड्यांच्या आणि दवाखान्यांच्या भिंतींवर मी हेच काम करतो, आणि खिळा न ठोकता घर आपलंसं करायला इतका सोपा मार्ग दुसरा नाही. फक्त सुरुवात चित्र निवडण्यापासून करू नका, भिंतीपासून करा. स्टिकर काढताना रंग सोबत येईल का, याचं उत्तर पाकिटावरच्या ‘रिमूव्हेबल’ या शब्दापेक्षा तुमच्या भिंतीत जास्त असतं.

भिंतीवर थरावर थर असतात. विटा, त्यावर गिलावा, त्यावर नीरू (चुन्याचा गुळगुळीत थर) किंवा पुट्टी, मग प्रायमर आणि शेवटी रंग. स्टिकरचा गोंद फक्त सर्वात वरच्या थराला धरतो. काढताना ओढ बसली की यातला जो जोड सगळ्यात कच्चा असेल तो सुटतो. रंग पक्का असेल तर गोंद रंगापासून सुटतो आणि स्टिकर स्वच्छ निघतो. रंगच कच्चा बसलेला असेल तर तो पुट्टीपासून सुटतो आणि स्टिकरच्या पाठीला चिकटून रंगाचा पापुद्रा हातात येतो. मग स्टिकर कितीही महागाचा घेतलेला असो.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये हा जोड बऱ्याचदा कच्चा सापडतो. जुना भाडेकरू जातो, नवा यायला चार-पाच दिवस असतात, तेवढ्यात रंगाऱ्याला बोलावून ‘एक हात’ मारून घेतला जातो. जुना रंग खरवडायचा नाही, पॉलिश पेपर मारायचा नाही, प्रायमर नाही, थेट वरून डिस्टेंपर. बघायला भिंत कोरी करकरीत दिसते, पण नवा थर जुन्या थरावरच्या धुळीवर बसलेला असतो. तुमच्या घराला ‘नुकताच रंग दिलाय’ हे वाचून मला आधी हीच शंका आली. तेव्हा पैसे खर्च करण्यापूर्वी भिंत तपासून घ्या. सगळं घरच्या घरी होतं.

एक गडद रंगाचं सुती कापड घ्या, जुनी काळी ओढणी असेल तरी चालेल, आणि भिंतीवर जरा दाबून चार-पाच वेळा फिरवा. कापडावर पांढरी किंवा रंगाची पूड आली तर भिंतीला चुना किंवा हलका डिस्टेंपर आहे. त्यावर स्टिकर टिकत नाही. आठवड्याभरात कडा सुटतात, कारण गोंद भिंतीला न धरता पुडीला धरतो. पूड आली नाही तर बोट ओलं करून एकाच जागी अर्धा मिनिट घासा. रंग विरघळून बोटाला चिकट गाळ लागला तर तो डिस्टेंपर. काहीच लागलं नाही, भिंत नुसती ओली दिसली, तर बहुधा प्लॅस्टिक पेंट किंवा हलकी चमक असलेला लस्टर असेल. हे दोन्ही स्टिकरला उत्तम. ऑइल पेंट तर त्याहून चांगला, पण आता हॉलमध्ये तो कोणी देत नाही. जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या किंवा जिन्याच्या भिंतीला खालच्या अर्ध्या भागात ऑइल पेंटचा पट्टा असतो. तो असेल तर त्याचा उपयोग जरूर करून घ्या.

यानंतरची परीक्षा सर्वात महत्त्वाची. ज्या दुकानातून स्टिकर करून घेणार, तिथून त्याच व्हिनाइलचं, म्हणजे स्टिकरच्या प्लॅस्टिक फिल्मचं, हातभर कातरण मागून आणा. दुकानदार फुकट देतात. दाराच्या किंवा कपाटाच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशा जागी दोन बोटं रुंदीची पट्टी चिकटवा, नखाने घासून घट्ट बसवा आणि आठवडाभर विसरून जा. लगेच काढून बघण्यात अर्थ नाही, कारण हा गोंद पहिल्या काही दिवसांत हळूहळू रंगावर पसरत जातो आणि त्याची पकड वाढत जाते. आठवड्याने पट्टी काढा आणि तिची पाठ खिडकीच्या उजेडात धरून नीट बघा. पाठ स्वच्छ असेल तर निर्धास्त राहा. बारीक पांढरे ठिपके दिसले तर लहान आणि सुटसुटीत आकार लावा, मोठं सलग चित्र नको. नखाएवढा जरी पापुद्रा आला असेल तर त्या भिंतीचा नाद सोडा. ही परीक्षा हॉल आणि बेडरूममध्ये वेगवेगळी करा. एकाच घरात दोन खोल्यांना दोन प्रकारचे रंग दिलेले असणं अगदी नेहमीचं आहे.

नव्या रंगाला किमान तीन ते चार आठवडे द्या. हाताला कोरडा लागतो म्हणजे आतून सुकला असं होत नाही. त्यातलं पाणी अजून बाहेर पडत असतं. वरून प्लॅस्टिकची फिल्म चिकटवली की ते अडतं, फुगे येतात आणि रंग मऊच राहतो. पावसाळ्यात रंग दिला असेल तर मी दीड महिना थांबायला सांगतो.

ओल हा वेगळाच शत्रू आहे. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे त्या बाजूच्या बाहेरच्या भिंती श्रावणापर्यंत चांगल्याच पाणी पितात. बाथरूमला लागून असलेली भिंत तर बाराही महिने संशयास्पद धरावी. जुन्या नाशकातल्या वाड्यांत आणि सिडकोतल्या जुन्या घरांत खालच्या दोन-तीन फुटांना लोणा लागलेला असतो, रंगाला पोपडे आलेले असतात. तिथे काही लावूच नका. शंका असेल तर फूटभर लांबी-रुंदीचं जाड, पारदर्शक प्लॅस्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने बंद करून चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दमट थेंब दिसले तर भिंत आतून ओली आहे. अशा भिंतीवर मोठा स्टिकर लावला की ओल त्याच्यामागे कोंडते आणि काळी बुरशी धरते. घरात लहान मूल असताना ती नकोच.

अगदी महागडा, डाग न धरणारा, टेफ्लॉन किंवा सिलिकॉन घातलेला रंग असेल तर अडचण उलटी असते. भिंतीला डाग चिकटत नाही तसा गोंदही चिकटत नाही. स्टिकर एखाद्या रात्री गपकन खाली येतो. पण भाड्याच्या घराला असा रंग क्वचितच दिलेला असतो.

भिंत पास झाली असं धरून आता मालाकडे येऊ. हे स्टिकर पीव्हीसीच्या, म्हणजे व्हिनाइलच्या पातळ फिल्मचे असतात, मागे ॲक्रिलिक गोंदाचा थर आणि त्याखाली सुटा होणारा मेणचट कागद. ऑनलाइन मिळणारी तयार पाकिटं आणि रेडियमवाल्याकडून कापून घेतलेलं व्हिनाइल, असे दोन मार्ग तुमच्यापुढे आहेत. पाकीट घेतलं तर त्यावर लिहिलेला आकार नीट वाचा. बऱ्याचदा तो शीटचा असतो आणि फोटोत दिसणारं भलंमोठं झाड त्या शीटवरच्या बारीक तुकड्यांतून तुम्हालाच जुळवायचं असतं. पाकीट उघडल्यावर उग्र वास आला तर दोन दिवस गॅलरीत सावलीला पसरून ठेवा, मुलीच्या खोलीत लगेच लावू नका.

माझं मत विचाराल तर हॉलसाठी कापून घ्या. सातपूर, अंबड, नाशिकरोड, कुठेही गेलात तरी गाड्यांवर अक्षरं लावणारे रेडियमवाले भेटतील, त्यांच्याकडे कटिंगचं प्लॉटर मशीन असतं. पण इथे एक काळजी घ्या. त्यांचा रोजचा माल गाड्यांसाठी असतो, चकचकीत आणि पक्क्या गोंदाचा, ऊन-पावसात वर्षानुवर्षं सुटू नये असा. तो घराच्या भिंतीला लावला तर काढताना पुट्टीसकट येईल. तुम्ही स्पष्ट सांगा: ‘घरातल्या भिंतीसाठी, मॅट, रिमूव्हेबल गोंदाचा पाहिजे.’ जर्मनीच्या ओराफोल कंपनीच्या ओराकल मालिकेतला ६३१ नंबर अशा कामासाठीच आहे, ८० मायक्रॉन जाडीचा, मॅट, निघणाऱ्या गोंदाचा. त्याच मालिकेतला ६५१ चकचकीत असतो आणि पाट्या, गाड्या, काचा यांसाठी असतो. दुकानात ६५१ जास्त सहज मिळतो आणि ‘तेच आहे, फक्त शाईन आहे’ असं सांगून तोच पुढे केला जातो. ते तेच नाही. दुसऱ्या कंपनीचा माल असला तरी हरकत नाही, पण रोलच्या आतल्या नळीवरचं किंवा खोक्यावरचं लेबल स्वतः बघा.

मॅटचा आग्रह दुसऱ्याही कारणासाठी धरा. आपल्याकडे ट्यूबलाइट भिंतीवरच असते, तिचा उजेड भिंतीला घासून खाली येतो. चकचकीत व्हिनाइलवर त्या उजेडात प्रत्येक फुगा, प्रत्येक वाळूचा कण आणि पुट्टीची प्रत्येक लाट उठून दिसते. मॅटवर ते झाकलं जातं आणि चित्र भिंतीवर रंगवल्यासारखं वाटतं. एकाच रंगाचं कापलेलं चित्र असेल तर छपाईची गरज नसते, रंग व्हिनाइलचाच असतो आणि तो लवकर उडत नाही. रंगीत छापील चित्र हवं असेल तर छापल्यावर एक दिवस तसंच उघडं ठेवून मगच लॅमिनेशन करायला सांगा. शाईतलं द्रावण उडून जाऊ दिलं नाही तर पुढे कडा वळतात. बिल चौरस फुटावर होतं आणि चित्राभोवतीच्या पूर्ण चौकोनाचं होतं. चित्रात मोकळी जागा जास्त असेल तर तुकडे जवळजवळ मांडून फाइल करायला सांगा, तेवढीच बचत.

संपूर्ण भिंतीचा चिकटणारा वॉलपेपर लावू का, असंही पुष्कळ जण विचारतात. भाड्याच्या घरात मी नाही म्हणतो. १२ फूट बाय ९ फुटांची भिंत म्हणजे १०८ चौरस फूट रंगावर गोंद. काढताना कुठे ना कुठे तो रंग उचलणारच.

आता चित्र. तुमचा सोफा साधारण साडेसहा फुटांचा असेल, तर त्यावरचं चित्र सव्वाचार ते पाच फूट रुंद असावं, म्हणजे सोफ्याच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश. सोफ्याच्या पाठीपासून ते सहा ते आठ इंच वर सुरू व्हावं. बहुतेक घरांत चित्र फार वर लावलेलं असतं, मग ते छताचं वाटतं, सोफ्याशी त्याचं नातंच जुळत नाही. भिंतीपुढे काही फर्निचर नसेल तर चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांच्या आसपास येऊ द्या. भारतीय बैठक असेल तर आणखी अर्धा फूट खाली घ्या, कारण बघणारा खाली बसलेला असतो. ऑर्डर देण्यापूर्वी रद्दीतले पेपर जोडून त्या आकाराचा तुकडा करा, मास्किंग टेपने भिंतीला लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. दारातून आत येताना, सोफ्यासमोर बसून, रात्री ट्यूब लावून बघा. आकार बदलायचा असेल तर तेव्हाच कळतं.

१२ फुटांची भिंत आहे म्हणून १२ फूट भरायची नाही. एक चांगलं चित्र आणि त्याभोवती भरपूर मोकळी भिंत ठेवली तरच ते चित्र दिसतं. फुलपाखरं, वेल, पक्ष्यांचे पिंजरे, ‘होम स्वीट होम’ असं सगळं एकाच भिंतीवर लावलेल्या घरात मी गेलो आहे. तिथे नजर ठरत नाही. आणि मोठमोठ्या इंग्रजी वाक्यांपेक्षा आपल्या मातीतलं काही लावा, असं मी मनापासून सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यातच इतकं आहे. येवल्याची पैठणी घ्या. तिच्या पदरावरचा मोर, काठावरची नारळी, मुनिया म्हणजे पोपट, असावलीची वेल, हे आकार सपाट आणि रेखीव असतात, त्यामुळे प्लॉटरवर सुंदर कापले जातात. मुनियाची जोडी दाराच्या चौकटीच्या दोन बाजूंना लावली तर छोट्या जागेत काम होतं. फक्त भिंतभर लांब आडवा काठ लावू नका. आपल्या इमारतींच्या छताची ओळ क्वचितच सरळ असते, आणि सरळ लावलेला काठ ती वाकडी ओळ सगळ्यांना दाखवून देतो. काठ हवाच असेल तर तीन-तीन फुटांचे तुकडे करून मध्ये जागा सोडा.

वारली तर आपली शेजारीण. पालघरच्या डहाणू, जव्हार, तलासरीपासून आपल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यापर्यंत ही चित्रं ओळखीची आहेत. मुळात ती शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने काढतात. ही कला कागदावर आणि जगापुढे नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तुमची भिंत पांढरी किंवा क्रीम असेल, तर पांढरे वारली दिसणारच नाहीत. रंग उलटा करा, आकृत्याच गेरूच्या रंगाच्या घ्या. सोफ्यावर तारप्याचं वर्तुळ फार छान बसतं: मधे तारपा वाजवणारा, भोवती हात धरून नाचणाऱ्यांची वळत जाणारी रांग. सव्वाचार फुटांचं वर्तुळ भिंतीच्या मध्यावर न लावता जरा एका बाजूला सरकवून लावा, त्यात गती येते. आकृत्यांचे हातपाय मात्र तीन-चार मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. इतकं बारीक व्हिनाइल लावताना ताणलं जातं आणि काढताना तुटतं. दोन गोष्टी आणखी. लग्नाचा चौक, त्यातली पालघाट देवी, हे त्या समाजाचं पूजेचं चित्र आहे, लग्नाच्या वेळी सवाशिणी ते लिहितात. सजावट म्हणून ते लावू नये असं मला वाटतं. आणि शक्य असेल तर इंटरनेटवरून चित्र उचलण्याऐवजी एखाद्या वारली चित्रकाराकडून काढून घेऊन, त्याचे पैसे देऊन मग ते कापायला द्या. कागदावरचं चित्र स्कॅन करून रेडियमवाला कोरल या सॉफ्टवेअरमध्ये त्याची कटिंगची फाइल करून देतो.

देवादिकांची चित्रं स्टिकरमध्ये करायला मी कोणालाच सुचवत नाही. कधीतरी ती खरवडून काढावी लागणार, तुकडे होणार, ते कचऱ्यात जाणार, आणि तेव्हा घरातल्या आजी-आजोबांच्या मनाला लागतं. तिथे फोटोची फ्रेमच बरी.

मुलीच्या खोलीत तिला निवडू द्या आणि सगळं तिच्या नजरेच्या उंचीला लावा, तुमच्या नाही. उंची मोजायची पट्टी या वयात सर्वात आवडती ठरते. ती लावताना माप स्कर्टिंगच्या वरून न धरता खालच्या टाइलपासून धरा, नाहीतर पोरगी चार इंच बुटकी निघेल. घरात दीड-दोन वर्षांचं भावंड असेल तर बोटाने सोलून तोंडात जाईल एवढे बारीक तुकडे त्याच्या हाताला येतील असे नकोत. छताला लावायच्या चमकत्या चांदण्या मुलांना हव्याच असतात. त्यांच्यामागे बहुतेक वेळा फोमचा डबल टेप असतो, निघणारा गोंद नसतो, आणि छताला घरातला सर्वात हलका डिस्टेंपर दिलेला असतो. चांदणी काढली की रुपयाएवढा पोपडा हमखास येतो. चांदण्या पातळ व्हिनाइलच्या मिळतात, त्या घ्या, आणि छताऐवजी कपाटाच्या सनमायकावर लावा.

लावण्याचं काम दोघांनी मिळून करा. आदल्या दिवशी भिंत कोरड्या फडक्याने झटका, प्लॅस्टिक पेंट असेल तर घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसा आणि रात्रभर सुकू द्या. ओडोनिल, अगरबत्ती, फोडणी यांचा चिकट थर भिंतीवर असतोच. थंडीचे दिवस असतील तर सकाळी लावू नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्याही खाली जातो, भिंत गारठलेली असते आणि गोंद कडक होतो. दुपारी लावा. आणि काम सुरू करण्यापूर्वी पंखा बंद करा. चार फुटांचं मोकळं व्हिनाइल एकदा वाऱ्याने स्वतःवर दुमडलं की ते उलगडताना ताणलं जातं.

कापलेल्या चित्रावर दुकानदाराने ट्रान्सफर टेप, म्हणजे सगळे तुकडे जागच्या जागी धरून ठेवणारी चिकट फिल्म, लावून दिलेला असतो. चित्र कागदासकट भिंतीवर ठेवून आधी नुसतं मास्किंग टेपने अडकवा, लांब जाऊन बघा, मोबाइलमधल्या लेव्हलने सरळ करा. मग चित्राच्या बरोबर मध्यातून, वरून खालपर्यंत, मास्किंग टेपची एक लांब पट्टी भिंत आणि चित्र दोन्ही धरेल अशी मारा. आता चित्र मधोमध धरलेलं आहे. उजवी बाजू पट्टीपर्यंत उचला, मागचा कागद सोलत मध्यापर्यंत आणा आणि तेवढा कापून टाका. एकाने चित्र भिंतीपासून वीतभर दूर ताणून धरावं, दुसऱ्याने मध्याकडून कडेकडे घासत यावं. घासायला जुनं एटीएम कार्ड मऊ बनियनच्या कापडात गुंडाळून घ्या. हात एकाच दिशेने, एकावर एक येणाऱ्या पट्ट्यांत फिरवा, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. उजवी बाजू झाली की मधली पट्टी काढा आणि डावीकडे तेच करा. शेवटी ट्रान्सफर टेप काढताना तो आपल्याकडे सरळ ओढू नका, भिंतीला जवळजवळ टेकवून मागे दुमडत, सावकाश काढा. एखाद्या नाचणाऱ्याचा पाय टेपसोबत वर यायला लागला की थांबा, टेप परत खाली टेकवा, त्या जागी कार्डाने चार वेळा घासा आणि मग पुढे जा. फुगा राहिला तर टाचणीने टोचून बोटाने दाबा. काचेला लावताना साबणाचं पाणी मारतात ते बघून भिंतीवर तसं करू नका. ते पाणी पुट्टीत शिरतं.

काही जागा पूर्णपणे वर्ज्य समजा. गॅसच्या शेगडीपासून दोन फुटांत, समई किंवा निरांजनाच्या ज्योतीजवळ आणि स्विचबोर्डावर पीव्हीसी नको, ते उष्णतेने मऊ होतं आणि पेटलं तर विषारी धूर सोडतं. पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर, जिथे आपण टेकून बसतो, तिथेही नको. केसांचं तेल रंगात मुरतं आणि स्टिकरच्या कडा तिथून सुटू लागतात. एसीच्या खाली दव साचतं, ती जागाही सोडा.

भिंत परीक्षेत नापासच झाली तर काय? मग भिंतीचा हट्ट सोडा. हार्डबोर्ड किंवा एमडीएफचा चार बाय तीन फुटांचा तुकडा सुताराकडून कडा घासून आणा, त्याला गेरूच्या रंगाचा इनॅमल मारा, सुकल्यावर त्यावर पांढरी वारली लावा आणि तो बोर्ड सोफ्यामागे किंवा शोकेसवर टेकवून ठेवा. हे घर सोडाल तेव्हा तो तुमच्यासोबत येईल. कपाटाचा सनमायका, फ्रिज, खिडकीची काच, बाथरूमच्या टाइल्स या सगळ्या जागा स्टिकरसाठी भिंतीपेक्षा सरस आहेत. सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) डबल टेपने डिस्टेंपरवर चिकटवायचा सल्ला कोणी दिला तर मात्र ऐकू नका, तो रंगासकट खाली येतो. आणखी एक वाट आहे, ती घरमालकांशी बोलण्याची. एका भिंतीला खरवडून, प्रायमर मारून प्लॅस्टिक पेंट देण्याचा खर्च मी करतो असं भाडेकरूने म्हटलं की पुष्कळ मालक आनंदाने हो म्हणतात.

काढायची वेळ आली की घाई करू नका. एप्रिल-मेच्या दुपारी भिंत आपोआप कोमट असते, इतर दिवसांत हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून अर्धा-एक मिनिट फिरवा. कोपरा नखाने उचला आणि स्टिकर स्वतःवर दुमडून, भिंतीला समांतर, बोटभर-बोटभर मागे न्या. सरळ आपल्याकडे ओढला की सगळा जोर रंग उपटण्यात जातो. रंग उचलला जातोय असं दिसलं की तिथेच थांबून विरुद्ध बाजूने सुरू करा. गोंद मागे राहिला तर त्याच स्टिकरचा गोळा करून चिकट बाजूने टिपा, मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून पुसा. रॉकेल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर भिंतीला लावू नका, रंग विरघळतो किंवा कायमचा तेलकट डाग पडतो. दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त काळ तोच स्टिकर ठेवला तर गोंद कडक होतो आणि आजूबाजूची भिंत धुराने, उन्हाने बदलते. स्टिकर स्वच्छ निघाला तरी त्याचा फिकट ठसा मागे दिसतो. निघालेलं व्हिनाइल घंटागाडीत सुक्या कचऱ्यात द्या, बंबात किंवा शेकोटीत टाकू नका.

डिपॉझिटचं म्हणाल, तर आजच दोन कामं करा. भिंतींचे दिवसाउजेडी फोटो काढून घरमालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा, ‘निघणारे स्टिकर लावू का’ असं विचारा आणि त्यांचं हो तिथेच लेखी येऊ द्या. सोबत रंगाची कंपनी आणि शेड नंबर मागून घ्या, तो नंतर कोणालाच आठवत नाही. पुढे कुठे पोपडा निघालाच तर पुट्टी भरा, पॉलिश पेपर मारा, पण फक्त तेवढ्या जागी रंग लावू नका, जुन्या भिंतीवर ते ठिगळ लांबून दिसतं. तीच भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक हात मारून घ्या. १०८ चौरस फुटांना साधारण एक लिटर रंग पुरतो, रंगाऱ्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.